मेट्रनबाईंचं इंटरनेटवरचं पान

आमच्या मेट्रनबाईंना 'विश्वास' हा शब्द लिहिलेला चालत नसे. एकदा नगरला सावेडीतल्या एका किराणा दुकानावर 'विश्वासाचे एकमेव ठिकाण' अशी पाटी वाचून त्या आत शिरल्या आणि मालकाला म्हणाल्या, "एकमेव का? शेजारच्यानं काय केलं?" मालक बिचारा गल्ल्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंनी उत्तराची वाट पाहिली, मग साखर न घेताच बाहेर आल्या. मी मोपेड सुरू ठेवून उभी होते.

"बघितलंस? त्याचं त्यालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, पण साखर?"

"साखर दुसरीकडे घेऊ."

दुसरं दुकान पार चौकाच्या पलीकडे होतं. ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाईंबरोबर काम केलेल्या प्रत्येकाकडे अशी एक तरी साखर न मिळालेली दुपार आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. इंटरनेट गावात नुकतंच आलं होतं. ते लावायचं म्हणजे मोडेम बराच वेळ किंचाळायचा, आणि एकदा लागलं की क्लासचा फोन बंद. मी एका पुस्तकावरून वेबसाइट बनवायला शिकले होते, पण बनवून घेणारं कुणी नव्हतं. पुण्यात नोकरी हवी असेल तर दाखवायला निदान एक तरी वेबसाइट पाहिजे, असं मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. म्हणून मीच बाईंच्या मागे लागले. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट मला विसरून चालणार नाही. त्यांनी मला बोलावलं नव्हतं.

बाई मिशनच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भाड्याच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी घरी रुग्णसेवा देण्याचं केंद्र काढलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे त्या बाया पाठवत. बाया त्यांनीच शिकवलेल्या. सावेडीत नवे बंगले उठत होते आणि त्या बंगल्यांतली मुलं पुण्याला, मुंबईला, अमेरिकेला जात होती. आई-वडील आणि वरच्या मजल्याच्या रिकाम्या खोल्या मागे राहत होत्या. मी बाईंना म्हटलं, ही मुलं तिकडे कॉम्प्युटरवर शोधतात. तुमचं एक पान इंटरनेटवर असलं तर ते अमेरिकेत दिसेल.

"अमेरिकेत पाटी लावायची आणि पेशंट नगरात?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "पण त्यावर काय लिहायचं ते मी बघणार."

तिथेच मी पळून जायला हवं होतं.

पांढरी सुती साडी, पायांत कापडी बूट, आणि छातीवर उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी ते घड्याळ उतरलं नव्हतं. कुणी नमस्काराला हात पुढे केला की त्या मनगट धरत आणि घड्याळात बघत. नमस्कार एक मिनिट चाले. मग "ठीक आहे" किंवा "जागरण करू नकोस" असा निकाल. पोट साफ झालं का, हे त्या चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा विचारत, आणि समोरच्यानं आवाज बारीक केला की म्हणत, "मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं." कमी ऐकू येत नव्हतं. मी तपासलं आहे.

वाचताना त्या ओळीखाली लाकडी पट्टी ठेवत. पेशंटचे तक्ते वाचायची सवय. एक ओळ झाली की पट्टी खाली. हातात लाल पेन्सिल. माझा पहिला मजकूर असा होता: 'आपल्या घरातील ज्येष्ठांची मायेने, आपुलकीने आणि अत्याधुनिक पद्धतीने काळजी घेणारे एक विश्वसनीय नाव.' मी त्यावर दोन दिवस घालवले होते.

पट्टी पहिल्या ओळीखाली आली आणि तिथेच थांबली.

"माया आम्ही देत नाही," बाई म्हणाल्या. "माया त्यांच्या मुलांनी द्यायची. आम्ही पाणी देतो, गोळ्या देतो, कूस बदलतो."

"बाई, ही लिहायची पद्धत असते."

"अत्याधुनिक म्हणजे?"

"नवीन पद्धतीनं."

"बेडपॅन द्यायची नवीन पद्धत कुठली? मला सांग, मी शिकवते बायांना."

लाल पेन्सिल अशी फिरली की शेवटी कागदावर 'घरातील ज्येष्ठांची काळजी' एवढंच उरलं. तेही त्यांनी सोडलं ते नाइलाजानं. मग टेबलाच्या खणातून त्यांनी स्वतः लिहिलेला कागद काढला. सुंदर अक्षर, आणि मजकूर असा: 'आमची बाई स्वयंपाक करणार नाही. कपडे पेशंटचेच धुईल, घरातल्यांचे नाही. आमची बाई डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. तिला मी तीन महिने शिकवलं आहे. तिला दुपारी अर्धा तास झोप लागते. तेवढा वेळ घरातल्या कुणीतरी पेशंटजवळ बसावं.'

"बाई," मी म्हटलं, "हे वाचून कोण येईल?"

"ज्याला हे चालेल तो."

आता यातली तांत्रिक अडचण सांगितल्याशिवाय माझा वैताग कळायचा नाही. त्या काळी इंटरनेटवर मराठी अक्षरं समोरच्याच्या कॉम्प्युटरवर दिसतीलच याचा भरवसा नव्हता. म्हणून मी मजकुराचं चित्र बनवायची आणि ते पानावर चढवायची. इंग्रजीत लिहू म्हटलं तर बाई म्हणाल्या, "ज्याची आई त्याला मराठीत हाक मारते त्याला मराठी वाचता येतं." त्यामुळे एक काना बदलायचा तरी अख्खं चित्र नव्यानं करायचं, मोडेम किंचाळवायचा, आणि ते चढेपर्यंत क्लासच्या मालकांची बोलणी खायची. बाईंना हे मी दहा वेळा समजावलं. त्यांनी दहाही वेळा ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणांचा कागद हातात दिला. 'पेशंटला उचलणे' नको, 'पेशंटला उठवणे' हवं. तीन दिवसांनी पुन्हा 'उचलणे'.

एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हाला नक्की काय हवंय ते तुम्हालाच कळत नाहीये."

बाईंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "तू कधी आजारी पडून झोपली आहेस? म्हणजे दुसऱ्यानं कूस बदलेपर्यंत?"

"नाही."

"मग तू कशावरून लिहितेस?" त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे बायांना शिकवण्यासाठी एक लोखंडी खाट होती. "चप्पल काढ."

मी खूप नाही म्हटलं. काही उपयोग झाला नाही. उजवा हात आणि उजवा पाय हलवायचा नाही, बोलायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली आणि कुसुमला हाक गेली. कुसुम ही बाईंची सगळ्यांत जुनी बाई. पाथर्डीकडची, चाळिशीची, नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेलेली. नवरा गेल्यावर ती नगरला आली होती. तिचे हात मजबूत होते आणि बोलणं कमी.

दोन तास मी तिथे पडून होते. पंख्याची हवा फक्त पायांना लागत होती. नाकाला खाज सुटली आणि बाईंनी दारातूनच "हात हलवायचा नाही" म्हणून सांगितलं. तेव्हा मला खरोखर रडू येईल असं वाटलं. मग कुसुम आली. तिनं मला हात लावला नाही. आधी म्हणाली, "ताई, आता तुमाला डाव्या अंगावर घेते. एक हात मानंखाली घालते हां." आणि मग घेतलं. नंतर म्हणाली, "नाक खाजवू का?" मला बोलायला बंदी होती, पण तिला कळलं.

उठल्यावर मी एक वाक्य लिहिलं: 'आमची बाई पेशंटला हात लावण्याआधी, काय करणार आहे ते त्याला सांगते. पेशंटला ऐकू येत नसलं तरी सांगते.' पट्टी त्याखाली आली, थांबली आणि पुढे सरकली. सबंध कामात लाल खूण न झालेलं माझं ते एकच वाक्य. त्याचाही मला आनंद होऊ दिला नाही. "दोन तासांत एक वाक्य आलं," बाई म्हणाल्या. "बाकीच्या वाक्यांसाठी आठवडा पडून राहा."

भांडण खरं पेटलं ते शेवटच्या भागावर. बाईंना पानाच्या तळाशी एक मथळा हवा होता: 'आमच्या चुका'. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं की मागच्या वर्षी आमच्या बाईला डुलकी लागली असताना एक आजी पलंगावरून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून पलंगाला कठडा असल्याशिवाय आम्ही बाई देत नाही.

मी म्हटलं, जगात कुणी आपल्या पाटीवर हे लिहीत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच लोकांना पाट्या वाचून काही कळत नाही. मी म्हटलं, हे पान वाचून लोक घाबरतील. त्या म्हणाल्या, घाबरूदेत, आईला परक्या माणसाच्या हाती द्यायचं म्हणजे घाबरायलाच पाहिजे. आवाज चढला. खोलीत कुसुम भाजी निवडत बसली होती, ती उठून बाहेर गेली. शेवटी मी कागद उचलला आणि म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं."

आणि तसं केलं नाही.

बाईंकडे कॉम्प्युटर नव्हता. त्यांना मी जो छापील कागद सही करायला दिला त्यावर सगळं त्यांच्या मनासारखं होतं. इंटरनेटवर मी वेगळं चित्र चढवलं. चुका काढल्या. झोपेचं वाक्य काढलं. 'आमची बाई डॉक्टर नाही' हेही काढलं, आणि त्या जागी घातलं: 'गरज पडताच डॉक्टर घरी हजर.' अगदीच खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली. बाईंच्या ओळखीचे एक वयस्कर डॉक्टर मागच्या गल्लीत राहत होते, बोलावलं तर कधीमधी येऊन बघून जात. 'कधीमधी' हा शब्द पाटीवर कसा दिसेल, म्हणून तो वगळला.

महिन्याभरात अमेरिकेतून ईमेल आली. सावेडीतल्याच एका घरातला मुलगा तिकडे इंजिनिअर होता. वडील मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी, बोलणं थोडं जड पण समजण्यासारखं. घरात फक्त आई. ती ईमेल छापून मी पळतच बाईंकडे गेले. मी जिंकले होते. बाईंनी पट्टी लावून वाचली आणि म्हणाल्या, "कुसुमला पाठवू. आधी कठडा बघून ये."

दोन-अडीच महिने सगळं उत्तम चाललं. आजोबा कुसुमला शेतांच्या हद्दींवरून झालेली भांडणं सांगत आणि ती "व्हय का? मंग?" करत ऐके. आजी मला रस्त्यात भेटल्या तर म्हणायच्या, "सोन्यासारखी बाई दिलीत." मी ते पान पुण्याच्या दोन कंपन्यांना कळवलंसुद्धा.

मग एका दुपारी जेवताना आजोबांचं तोंड वाकडं झालं आणि घास बाहेर आला. कुसुमला बाईंची शिकवण पाठ होती: असं झालं की विचार करायचा नाही, रिक्षा आणि दवाखाना. ती रिक्षा बघायला निघाली तर आजींनी तिचा हात धरला.

"रिक्षात कुठं नेतेस त्यांना या उन्हात? तुमचे डॉक्टर येतात ना घरी. त्यांना बोलव."

"आजी, आमच्याकं डॉक्टर न्हाई."

"आहे. माझ्या मुलानं वाचलंय. त्यानं मला फोनवर सांगितलंय, आई, काही झालं तर यांचे डॉक्टर घरी येतात, तू धावपळ करू नकोस."

कुसुमला वाटलं, आपल्याला न सांगता बाईंनी तशी सोय केली असेल. तिनं केंद्रात फोन लावला. बाई दुसऱ्या पेशंटकडे गेल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे लावला, ते गावाला गेले होते. तिनं पुन्हा आजींना समजावलं. आजी ऐकेनात. अशात तास गेला. शेवटी तिनं शेजारच्यांना हाक मारली, आजींना बाजूला केलं, आणि रिक्षावाल्याच्या मदतीनं आजोबांना उचलून दवाखान्यात नेलं.

आजोबा वाचले. पण त्यांचं बोलणं गेलं. तास वाचला असता तर काही फरक पडला असता का, असं बाईंनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकवत असताना बाई क्लासमध्ये आल्या. त्यांना तिथे मी पहिल्यांदाच बघत होते. मुलं उठून उभी राहिली, मेट्रनबाईंना बघून सगळेच उठत.

"मला ते पान दाखव," त्या म्हणाल्या. "कागद नको. तिथलं."

मी मोडेम लावला. त्या काळी चित्र एकदम येत नसे. वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी उलगडायचं. बाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी पर्समधून पट्टी काढली आणि पडद्यावर धरली. नाव आलं. पत्ता आला. हात लावण्याआधी सांगते, ते वाक्य आलं. मग पडदा बराच वेळ तसाच राहिला. मी मनात म्हणत होते, लाईन तुटूदे. नाही तुटली. डॉक्टरची ओळ अर्धी दिसली, अक्षरांच्या फक्त शिरोरेघा. मग पूर्ण दिसली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या नावाखाली."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोलले असते. माझ्याकडे वाक्यं तयार होती. बाईंनी पट्टी पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या घरी ये. आजींना तू सांगायचंस. मी बरोबर असेन, पण बोलणार नाही."

आजी व्हरांड्यात बसल्या होत्या. मी सांगितलं. दोनच वाक्यं होती, पण ती सांगायला मला फार वेळ लागला. आजींना आधी कळेना.

"म्हणजे डॉक्टर नव्हतेच?"

"नव्हते."

"मी दारात खुर्ची टाकून बसले होते," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर स्कूटर वाजली की उठायचे. प्रत्येक स्कूटरला उठले." मग म्हणाल्या, "तुझ्याएवढी माझी पुतणी आहे. तुला असं लिहावंसं कसं वाटलं?"

आजींनी पाणीसुद्धा विचारलं नाही. बाई शेजारी उभ्या होत्या आणि ठरल्याप्रमाणे एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला होता. एकदा तरी त्यांनी म्हणावं, पोर आहे, चुकली. नाही म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी 'आमच्या चुका' खाली स्वतः लिहिलं: 'या पानावर डॉक्टर घरी येतात असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. त्यामुळे एका पेशंटला दवाखान्यात न्यायला एक तास उशीर झाला. त्यांचं बोलणं गेलं. उशीर झाला नसता तर गेलं नसतं का, हे सांगता येत नाही. चूक संस्थेची आहे.'

"संस्थेची का?" मी म्हटलं. "माझी आहे. माझं नाव लिहा."

"पाटी माझी आहे," बाई म्हणाल्या. "तू शुद्धलेखन बघ आणि चढव. या वेळी मी तिथे येऊन बघणार."

आणि आल्या. त्यानंतर पानात काहीही बदललं की त्या क्लासमध्ये येऊन बसत, पट्टी पडद्याला लावत आणि चित्र तळापर्यंत उलगडेपर्यंत हलत नसत. क्लासचे मालक मला म्हणाले, ह्या बाईंनाच फी लावू का. मुलं हसायची. मी महिनोन् महिने ती शिक्षा भोगली. शिक्षा आहे असं मात्र बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या मते ते काम होतं.

आजोबांचा मुलगा आला. उंच, थकलेला माणूस, विमानातून उतरून दोन दिवस झालेले. तो केंद्रात येऊन बाईंवर ओरडला. मी तिथेच होते. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. त्यानं विचारलं, ती ओळ कुणी लिहिली, तेव्हा त्या म्हणाल्या, "संस्थेनं." मी उठले आणि म्हणाले, "मी लिहिली."

तो माझ्याकडे वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "का?"

"तुम्ही आमच्याकडे यावं म्हणून."

"आलोच की मी," तो म्हणाला. "त्या एका ओळीवरच आलो."

बाईंनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला. नगरमध्ये अशी सेवा देणाऱ्या आणखी दोन ठिकाणांचे पत्ते होते, आणि प्रत्येकापुढे बाईंच्या अक्षरात शेरा. 'इथली माणसं प्रेमळ, वेळ पाळत नाहीत.' 'इथे वेळ पाळतात, उचलताना घाई करतात.' तो दोन्हीकडे जाऊन आला. घाई करणाऱ्यांची बाई त्यानं चार दिवस ठेवलीही. पाचव्या दिवशी कुसुमला घेऊन जायला तो स्वतः आला. बाईंशी बोलला नाही. खोलीच्या दारातूनच कुसुमला म्हणाला, "बाबा जेवत नाहीयेत."

कुसुम पिशवी भरू लागली. "जेवतील," ती म्हणाली. "त्यांना आदी इचारावं लागतं, आमटी का ताक. बोलता येत न्हाई म्हनून काय झालं, मान हलती की."

लोकांनी त्या पानावर काय म्हटलं म्हणाल, तर रांग काही लागली नाही. काहींनी कळवलं की एवढा प्रामाणिकपणा आम्हाला झेपणार नाही. एका गृहस्थांनी फक्त, बाईला अर्धा तास झोप लागते ती नेमकी किती वाजता, एवढंच विचारलं, आणि बाई नेली. केंद्र होतं तेवढंच राहिलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं. आजही वाटतं, की थोडं बरं लिहिलं असतं, खरंच पण थोडं बरं, तर आणखी चार घरांना कुसुमसारखी बाई मिळाली असती. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा होतं. "थोडं बरं म्हणजे किती?" असं विचारून त्या पेन्सिल हातात घेऊन बसल्या, तेव्हा मी विषय बदलला.

पुण्याच्या एका कंपनीनं मला मुलाखतीला बोलावलं आणि ज्यांचं काम केलं त्यांचं पत्र आणायला सांगितलं. माझ्याकडे बाई सोडून कुणी नव्हतं. त्यांनी लगेच पत्र लिहून पाकिटात घालून दिलं. नगरच्या स्टँडवर एस.टी.त बसल्यावर मी ते उघडलं.

'या मुलीनं माझ्या संस्थेच्या पानावर एकदा खोटं लिहिलं. उघड झाल्यावर नाकारलं नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या घरी जाऊन स्वतः सांगितलं. त्यानंतर वर्षभर मी तिचं काम दर वेळी तपासलं. खोटं सापडलं नाही. ती मजकूर चांगला लिहिते. विशेषणं जास्त वापरते.'

वाटेतल्या सुप्यापर्यंत मी रागानं खिडकीबाहेर बघत होते. त्या कंपनीत मी पत्र दाखवलं, कारण दुसरं काही नव्हतं. समोरच्या माणसानं ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि कळवतो म्हणाला. कळवलं नाही. दुसऱ्या कंपनीत मी पत्र बॅगेतच ठेवलं. तिथे नोकरी लागली. अजून मी तेच काम करते, लोकांच्या धंद्यांचा मजकूर लिहिण्याचं.

नोकरी लागल्याचं मी बाईंना पोस्टकार्डावर कळवलं. सगळं कळवलं, पहिल्या ठिकाणी पत्र दाखवलं, दुसऱ्या ठिकाणी नाही, हेसुद्धा. त्यांच्यापाशी काही लपवायची सवय मोडली होती. आठवड्यात उत्तर आलं. सुंदर अक्षर, तीन ओळी.

'अभिनंदन. वेळेवर जेवत जा. पत्र का दाखवलं नाहीस ते कळव.'

मी चार वेळा कार्ड घेतलं. एकदा लिहिलं की वेळच आली नाही, आणि फाडलं, कारण ते खरं नव्हतं. एकदा लिहिलं की भीती वाटली, तेही फाडलं, कारण ते पुरतं खरं नव्हतं. मग नोकरी, लग्न, घर. एक दिवस कुसुमचा शेजारच्यांच्या फोनवरून फोन आला. "ताई, मेट्रनबाई गेल्या. झोपंतच गेल्या, तरास काई न्हाई झाला. मीच हुते जवळ." मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या होत्या का. बाईंच्या हाताखाली बारा वर्षं काढलेली बाई होती कुसुम.

"न्हाई ताई," ती म्हणाली. "कार्ड आलं का, एवढं मातर इचारायच्या."